ऑइल क्लेनं शिल्प करताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पेण-अलिबागपासून कुडाळ-मालवणपर्यंत सगळीकडून सारखे येत असतात. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, शाडूवर बसलेला असतो, आणि तीच सवय ऑइल क्लेवर चालवायला गेलं की गाडी अडते. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, शाडूचं सगळं गणित पाण्याचं असतं आणि या क्लेचं सगळं गणित उष्णतेचं. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ तिथेच आहे.

१. ऑइल क्ले म्हणजे नक्की काय? शाडूपेक्षा वेगळी कशी?

बारीक खनिज पावडर, तेल आणि मेण यांचं मिश्रण. शाडूत पाणी असतं, ते उडून गेलं की माती वाळते, आकसते, तडे जातात. इथे पाणीच नाही, तेल आणि मेण असं उडून जात नाही, त्यामुळे ही क्ले वाळत नाही, आकसत नाही, आज केलेला कान सहा महिन्यांनीही बदलता येतो. म्युनिकमध्ये फ्रान्झ कोल्ब यांनी १८८० च्या सुमारास अशी माती बनवली आणि इंग्लंडमध्ये बाथ शहरातले कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये प्लॅस्टिसिन काढलं, कारण विद्यार्थ्यांना न वाळणारी माती हवी होती. भट्टीत मात्र ही कधीच घालू नका, भाजली जाणार नाही, मेण वितळून पेट घेईल.

२. मग बाप्पाची मूर्तीच याची केली तर? तडे जायचं टेन्शन नाही.

नको. विसर्जन करायची मूर्ती शाडूची किंवा साध्या मातीचीच हवी. ऑइल क्ले पाण्यात विरघळत नाही, तसाच गोळा नदीत नाहीतर खाडीत पडून राहील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांमध्येही मूर्ती नैसर्गिक, विघटन होणाऱ्या मातीचीच करा असं आहे.

पण शाळेत या क्लेला एक फार चांगली जागा आहे, ती म्हणजे नवीन साच्याचा मूळ नमुना. बैठक, सोंडेचं वळण, हाताची मुद्रा हे सगळं निवांत दोन-तीन महिने करता येतं, रोज ओलं फडकं टाकायची कटकट नाही, नमुना पसंत पडला की प्लास्टरचा साचा काढायचा आणि त्यात शाडू दाबायची. प्लास्टर पाणी ओढून घेतं म्हणून शाडू सुटतेही छान. साच्याचं सविस्तर प्रश्न १३ मध्ये.

३. सॉफ्ट, मिडियम की हार्ड, कुठली घेऊ?

आपल्याकडे मिडियमच्या खाली जाऊ नका. थंड देशातल्या व्हिडिओत सॉफ्ट क्ले मस्त चालताना दिसते, कारण त्यांची खोली वीस अंशांची असते, आपल्याकडे मार्चनंतर दुपारी तेहतीस-चौतीस अंश सहज होतात आणि तीच क्ले हातात घेतल्याघेतल्या चिकटायला लागते. हार्ड क्ले छोट्या आणि बारीक डिटेलच्या कामाला उत्तम, वीतभर उंचीच्या मूर्तीवरचे दागिने वगैरे, पण मोठं काम हार्डमध्ये करायला गेलात तर बोटं दुखून येतील. शक्य असेल तर दोन्ही ठेवा, आतला भराव मिडियमचा आणि वरचा थर हार्डचा.

चॅव्हंटची एनएसपी आणि मॉन्स्टर क्ले ही नावं जास्त ऐकाल, दोन्ही सॉफ्ट-मिडियम-हार्डमध्ये येतात आणि दोन्हीत सल्फर नसतो. सरावाला शाळेच्या मुलांची स्टेशनरीच्या दुकानातली क्लेसुद्धा चालते, फक्त ती फार मऊ असते आणि धारदार कड धरत नाही.

४. सल्फर असला तर काय बिघडतं?

शिल्प करताना काहीच बिघडत नाही, उलट सल्फरवाली क्ले, उदाहरणार्थ रोमा प्लॅस्टिलिना, हाताखाली फार छान गुळगुळीत चालते. थोडा वास येतो, तांब्या-पितळेची टूल्स काळी पडतात, एवढंच. खरा घोळ साच्याच्या वेळी. साच्याचं सिलिकॉन रबर दोन प्रकारचं, प्लॅटिनमनं सेट होणारं (प्लॅटिनम-क्युअर) आणि टिननं सेट होणारं (टिन-क्युअर). प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन सल्फरला लागलं की सेटच होत नाही, क्लेला टेकलेला थर चिकट द्रव राहतो आणि महागडं सिलिकॉन आणि शिल्पाचा पृष्ठभाग दोन्ही एकदम जातात. टिन-क्युअर सिलिकॉन आणि प्लास्टरला हा त्रास नाही.

लोक विचारतात की वरून लॅकर मारला तर? कधी चालतं, कधी नाही, मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. प्लॅटिनम सिलिकॉन वापरायचंच असेल तर बिनसल्फरची क्लेच घ्या. लेटेक्सच्या ग्लोव्हजनीही सिलिकॉन असंच अडतं, म्हणून ग्लोव्हज नायट्राइलचे घाला, आणि सल्फरवाल्या क्लेची टूल्स दुसऱ्या क्लेला लावू नका. नवीन पाकीट असेल तर आधी छोट्या तुकड्यावर चमचाभर सिलिकॉन ओतून बघायचं, म्हणजे झोप नीट लागते.

५. पाकिटातून काढली तर दगड आहे नुसता. मऊ कशी करायची?

उष्णता द्या, पाणी किंवा तेल नाही. सुरीनं पातळ काप करा, स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पिवळ्या बल्बखाली ठेवूनही होते, हेअर ड्रायरनं होते, आणि कोकणात सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऊन, काळ्या झाकणाचा डबा सकाळी अंगणात ठेवला की एप्रिलमध्ये तासाभरात काम होतं. उकडीसारखी मळता आली की पुरे, त्यापुढे तापवू नका.

थेट गॅसवर कधीच नाही. मायक्रोवेव्हमध्ये वरून गार आणि आतून उकळती असं होतं, तो गोळा दाबला की आतलं गरम मेण बोटाला चिकटतं आणि पटकन पुसलंही जात नाही, भाजतं चांगलंच. काही कंपन्यांच्या क्ले पूर्ण वितळवून ब्रशनं किंवा ओतून वापरता येतात, पण तेही डबल बॉयलरवरच, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या भांड्यात, आणि जवळ उभं राहून.

६. आणि मे महिन्यात उलटं होतं, क्ले नुसती लोळते. तेव्हा काय करायचं?

पहिलं म्हणजे वेळ बदला. सकाळी सहा ते दहा काम करा, दुपारी पत्र्याच्या शेडखाली बसू नका, पत्रा तापला की त्याच्या खालचं टेबलही तापतं आणि मूर्तीचा वरचा भाग आधी मऊ होतो म्हणजे डोकंच कलंडतं. कौलारू घराच्या माजघरात किंवा पडवीत उत्तर बाजूला जागा करा, फरक लगेच कळेल.

दुसरं, बोटं कमी आणि टूल्स जास्त, कारण तळहाताची ऊबच क्लेला पुरेशी असते. मध्ये मध्ये हात गार पाण्यात बुडवून घ्या, ओल्या बोटाला क्ले चिकटत नाही हा वेगळा फायदा. छोटं काम असेल तर बेससकट फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, मोठं असेल तर बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ज्या भागावर काम चाललंय तिथे टेकवा. गार क्ले कोरायला इतकी छान लागते की बारीक काम मी मुद्दाम गार करूनच करतो. लाईट गेली आणि पंखा बंद पडला तर काम तिथेच थांबवा, ताणून पुढे नेऊ नका.

७. आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, लागतंच का? कशाचं करू?

मुठीएवढ्या कामाला नाही. वीतभराच्या वर गेलात, किंवा बाहेर आलेला हात, एका पायावरची मूर्ती वगैरे असेल तर लागतंच. क्ले आतून कधीच कडक होत नाही, म्हणजे सांगाडा शेवटपर्यंत वजन उचलत राहणार, शाडूसारखं वाळल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहणं इथे नाही.

आधी कागदावर खऱ्या मापात आकृती काढा आणि तार त्यावर ठेवून वाकवा. छोट्या कामाला ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून, मोठ्याला बेस म्हणून प्लायवूड, त्यावर नळकामातला फ्लॅन्ज (पाइप उभा धरणारी चकती) स्क्रूनं बसवून जीआय पाइप उभा. कुठेही तार पृष्ठभागाच्या दीड-दोन सेंटीमीटर आत राहिली पाहिजे, नाहीतर गाल कोरताना तार बाहेर डोकावते आणि मग सगळं पाडावं लागतं. धडात आणि डोक्यात भराव म्हणून फॉइल दाबून भरा किंवा थर्माकोल टाका, वजन आणि क्ले दोन्ही वाचतात. थर्माकोलवर टेप गुंडाळा, कारण थिनर आणि हीट गन दोन्हीनं तो आतल्या आत विरघळतो.

मोठ्या कामात क्ले स्वतःच्या वजनानं खाली घसरते, त्यासाठी लाकडाच्या दोन पट्ट्यांची फुली तारेनं बांधून आर्मेचरला लटकवतात, तिला फुलपाखरू म्हणतात, क्ले त्या फुलीवर अडकून राहते. आणि समुद्राजवळ राहत असाल तर बेसचे स्क्रू आणि उघडी राहिलेली तार बघत राहा, खारी हवा आधी तिथे लागते.

८. पहिला थरच तारेला धरत नाही, सुटून येतो.

कारण तार गार आणि क्लेही गार. दोन्ही कोमट करा, तारेवर बारीक तार गुंडाळून ती खडबडीत करा आणि पहिला थर पातळ पातळ घासून चोळा, गोळे चिकटवत जाऊ नका. पहिला थर घट्ट बसला की पुढचे आपोआप बसतात. मध्ये हवा अडकली तर साच्याच्या वेळी दाबून तिथे खड्डा पडतो, म्हणून दाबत दाबत भरा.

९. सुरुवात कुठून करायची? मी डोळ्यापासून केली तर चेहरा बिघडतोच.

डोळा सगळ्यात शेवटी. आधी मोठे आकार, डोकं म्हणजे अंडं, छाती म्हणजे पेटी, कंबर म्हणजे दुसरी पेटी, आणि त्यांचा एकमेकांशी तिरकेपणा. हा तिरकेपणा चुकला तर वर कितीही सुंदर नाक बसवा, मूर्ती ताठ दिसते. बेस फिरत्या पाटावर ठेवा आणि सारखा फिरवत राहा, समोरून बरोबर आणि बाजूनं चपटा असा चेहरा जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा होतो. दिवा एका बाजूनं लावा, समोरचा ट्यूबलाईट सगळे उंच-सखल भाग खाऊन टाकतो. मापाला कॅलिपर वापरा, आणि मधून मधून आरशात बघा, डावं-उजवं कुठे घसरलंय ते लगेच दिसतं.

ही क्ले वाळत नाही याचा खरा फायदा इथे आहे, घाई कसलीच नाही, आठवडाभर फक्त मोठ्या आकारांवर घालवा. कधी जमलं तर अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकर यांच्या घरातलं संग्रहालय बघून या. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी केला तेच विनायक पांडुरंग करमरकर. तिथली साधी माणसं बघताना डिटेल किती कमी आहे आणि तरी माणूस किती पुरा उभा आहे हे नीट बघा. शिल्पाला खरोखर किती डिटेल लागतं ते तिथे कळतं, आणि फिनिशिंगच्या मागे लागलेल्या प्रत्येकानं ते एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं.

१०. टूल्सचा सेट मागवू का? इकडे काय मिळतं?

दोन-तीन लूप टूल्स (टोकाला तारेचा फास असलेल्या कोरण्या) मागवा, बाकी घरी होतं. जुन्या छत्रीच्या काड्या आणि सायकलचे स्पोक वाकवून बांबूच्या मुठीत बसवले की उत्तम लूप होतात, बारीकसाठी गिटारची तार. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा म्हणजे रेक, दातांनी क्ले ओरबाडत एकसारखी करायला यासारखं काही नाही. बांबूच्या कोरण्या शाळेतल्याच चालतात, फक्त घासून गुळगुळीत करा, शाडूची खडबडीत कोरणी इथे ओरखडे सोडते. करवंटीचा तुकडा पॉलिशपेपरनं घासला तर गाल, पोट, खांदे असल्या गोल भागांना फार सुंदर बसतो, विकतच्या स्टीलच्या पट्टीपेक्षा मला तो जास्त आवडतो. स्किनचं टेक्स्चर जुन्या टूथब्रशनं.

११. सरफेस काचेसारखा गुळगुळीत कसा करायचा?

थिनरनं नाही, आधी रेकनं. मोठ्या दातांच्या रेकनं एका दिशेनं, मग आडवं, मग बारीक दातांनी तसंच. उंचवटे कापले जातात, खड्डे दिसतात, ते भरायचे आणि परत रेक. आकार खराखुरा सपाट झाला की लूप, मग पट्टी, मग बोट. हे नीट केलं तर नव्वद टक्के काम झालेलं असतं, आणि जे लोक ही पायरी गाळून थेट ब्रश आणि टर्पेंटाईन घेतात त्यांचं शिल्प साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं दिसतं, चकचकीत पण आकार नाही.

शेवटी मऊ ब्रश आणि अगदी थोडं सॉल्व्हंट. आयसोप्रोपिल अल्कोहोल हळू काम करतं म्हणून नवीन माणसाला तेच बरं, ९९ टक्केवालं घ्या, मेडिकलमधल्या सत्तर टक्केवाल्यात पाणी जास्त. टर्पेंटाईन आणि लायटर फ्युएल जास्त जोरात खातात, ब्रश झटकून जवळजवळ कोरडा करा आणि एका जागी घासत बसू नका. नंतर रात्रभर उडू द्या, ओल्यावर परत कोरलं तर चिखल होतो. खिडक्या उघड्या हव्यात, आणि घरात देवाजवळ निरांजन किंवा उदबत्ती चालू असेल तर हे काम तिथे अजिबात नाही, वाफ पेटते.

१२. दागिने, नऊवारीच्या चुण्या, केस हे कसं करतात?

माळा आणि काठांसाठी शेवेचा सोऱ्या, कोमट क्ले भरून एकसारख्या दोऱ्या पाडा. तो सोऱ्या मग स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही, वेगळाच ठेवा. मोती हवे असतील तर दोरीचे समान तुकडे कापून गोळ्या वळा, फ्रीजमध्ये कडक करा आणि मग चिमट्यानं बसवा.

चुण्यांना दोन सारख्या जाडीच्या पट्ट्यांमध्ये क्ले ठेवून पाइपनं लाटा आणि ते कापडच समजून अंगावर घाला. मात्र चुण्या कुठून ताणल्या जातात ते आधी ठरवा, नऊवारीत ताण कंबरेपाशी आणि मागे कासोट्यापाशी असतो, तिथून चुण्या निघून गुडघ्यावर पसरतात. मनानं रेघा ओढल्या की कापड नाही, नालीदार पत्रा दिसतो. आणि बारीक सुरकुत्यांसाठी पातळ प्लास्टिकची पिशवी क्लेवर पसरून तिच्यावरून टूलनं रेघ ओढा, कड आपोआप गोलसर येते. केस एकेक ओढू नका, आधी बट, मग बटेच्या आत थोड्याच रेघा.

१३. साचा काढताना क्लेच वितळली! प्लास्टर गार असतं ना?

कालवताना गार, सेट होताना चांगलंच गरम. जाड थर एकदम ओतला आणि त्यात मे महिना असला तर आतली क्ले मऊ होऊन बारीक डिटेल वाहून जातं. शिल्प आधी गार करा, पहिला थर पातळ शिंपडा, तो सेट होऊन गार झाल्यावर पुढचा.

क्लेवर शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) पातळ हात द्या. साच्याच्या दोन भागांमध्ये जुन्या पत्र्याच्या पट्ट्या खोचून भिंत उभी करा, आणि पहिला भाग झाल्यावर त्याच्या कडेला साबणाचं पाणी किंवा व्हॅसलीन लावायला विसरू नका, नाहीतर दोन्ही भाग एक होतील. काखेत, कानामागे, सोंडेखाली साचा अडकणार असेल तर प्लास्टर तुकड्यांत करा किंवा सिलिकॉन घ्या. सिलिकॉनचा पहिला हात ब्रशनं पातळ, मग घट्ट केलेले थर, आणि बाहेरून प्लास्टरचं किंवा फायबरचं कवच. फायबरचं पॉलिस्टर रेझिन मात्र थेट क्लेवर कधीच नाही, त्यातला स्टायरीन क्लेला खातो. कुठलं सिलिकॉन कुठल्या क्लेवर ते प्रश्न ४ मध्ये आहे.

पावसाळ्यात दोन गोष्टी, प्लास्टरची उघडी पोती हवेतली ओल खाऊन खराब होतात म्हणून हवाबंद ड्रममध्ये ठेवा, आणि टिन-क्युअर सिलिकॉन दमट हवेत लवकर सेट होतं, तेव्हा थोडं थोडं कालवा.

१४. मला साचा नकोच, हीच मूर्ती रंगवून शोकेसमध्ये ठेवता येईल का?

नाही टिकणार. रंग तेलकट पृष्ठभागाला धरत नाही, धरला तरी खालची क्ले उन्हाळ्यात हलते आणि वरचा थर फुटतो, आणि जांभ्याची लाल धूळ बसली की ती निघत नाही. फ्रीजमधला कडकपणा फ्रीजपुरताच. टिकवायचं असेल तर साचा आणि कास्टिंग हाच रस्ता, प्लास्टर, रेझिन, फायबर किंवा ऐपत असेल तर ब्रॉन्झ. काम चालू असताना रोज प्लास्टिकनं झाका.

१५. वापरलेली क्ले किती वेळा चालते?

वर्षानुवर्षं. प्लास्टरचे तुकडे आणि तारेचे बारके कण वेचून काढा, फार कचरा असेल तर जी क्ले वितळते ती डबल बॉयलरवर वितळवून स्टीलच्या जाळीतून गाळा. जुनी क्ले ठिसूळ वाटली तर किंचित व्हॅसलीन टाकून मळा. सल्फरवाली आणि बिनसल्फरवाली एकत्र करू नका, एकदा मिसळली की सगळीच सल्फरवाली. उरलेली शाडूही यात मिसळायची नाही, पाणी आणि तेल एकत्र येत नाही, भुसभुशीत गोळा होतो.

१६. घरी बनवता येईल का? खोबरेल तर घरचंच आहे.

बनवता येते, पण खोबरेल नको. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि वर पातळ होतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे क्ले दगड आणि दुपारी लोणी, शिवाय काही महिन्यांनी खवट वास येतो. अळशीचं तेल तर हवेत स्वतःच वाळून कडक होतं. मिनरल ऑइल किंवा व्हॅसलीन, मेण आणि चायना क्ले किंवा टाल्कची कोरडी पावडर, एवढंच घ्या. मेण आणि तेल डबल बॉयलरवर वितळवून, खाली उतरवून, पावडर चाळून थोडी थोडी घाला. कडक हवी तर मेण वाढवा, मऊ हवी तर तेल. पावडर चाळताना मास्क लावा.

१७. शिल्प पूर्ण झालंय, साचा मुंबईत काढणार आहेत. गाडीनं कसं नेऊ?

रात्रीच. दिवसा बंद गाडीत काचा लावून चहाला थांबलात तरी तेवढ्यात हात खाली येतात. डिकीत नाही, मागच्या सीटच्या खाली पायाजवळ ठेवा, तिथे एसीची हवा लागते. बेस मोठ्या प्लायला स्क्रूनं बांधा, तो प्लाय खोक्यात घट्ट बसला पाहिजे, आणि मूर्तीला काहीही टेकू देऊ नका, स्पंजसुद्धा नाही, त्याची जाळी उमटते. बाहेर आलेले हात आधीच आर्मेचरमध्ये सुटे करता येतील असे ठेवले असतील तर काढून वेगळ्या डब्यात गार करून न्या, तिकडे गेल्यावर दोन्ही कडा ड्रायरनं कोमट करून, ओरखडून, जोडायच्या. घाटातल्या वळणांपेक्षा हायवेवरचे खड्डे जास्त त्रास देतात, म्हणून ड्रायव्हरला निघायच्या आधीच सांगून ठेवा.